तुमच्या नावाची वेणी

बाबा, मी तुमच्याबद्दल एक खोटं बोलले आहे, आणि ते आता इतकं पसरलंय की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. तुम्ही असतात तर हे पत्र लिहिलंच नसतं. फोन केला असता, गुडघे कसे आहेत विचारलं असतं आणि मुद्द्याचं काही न बोलता ठेवून दिला असता. आपलं तसंच होतं. आज शनिवार, सकाळचे दहा वाजलेत. लेक ड्रामा क्लासला गेलीय, हे भाजी आणायला गेलेत, आणि मी इकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या आमच्या किचनमध्ये टेबलाशी बसलेय. समोर गवताची एक वेणी पडलीय. वेणी म्हणजे खरोखरची, तीन पदरांची, हातभर लांब, दोन्ही टोकांना लाल दोरा बांधलेली. वास वाळलेल्या गवताचा, पण त्यात काहीतरी गोडही, दूध आटत असताना येतो तसं. ती तुमची आहे. म्हणजे तुमच्यासाठी म्हणून एका बाईनं माझ्या हातात दिली. तिनं ती का दिली, तेच सांगायला बसलेय.

मी इथे एका मायनिंग कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते, हे तुम्हाला माहीत नाही. खाणीनं गाव गिळलं आणि पोरगी खाणवाल्यांच्याच दारात जाऊन बसली, असं आई असती तर म्हणाली असती. तुम्ही काही म्हणाला नसतात, चष्मा पुसला असतात. मी खाणीबिणीत उतरत नाही हो. कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली बसते, शेअरहोल्डर्सची रजिस्टरं बघते आणि मीटिंगांचे मिनिट्स लिहिते. मिनिट्स म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग, दुसरं काही नाही. चेअरमन म्हणतात, तुझ्या मिनिट्सना हात लावावा लागत नाही. ते ऐकलं की मान ताठ होते आणि पाठोपाठ तुम्ही आठवता, वहीवर बोट आपटत सांगणारे: ऐकलं तेवढंच लिहायचं, मनातलं घालायचं नाही.

आमच्या कंपनीला कॅनडात, क्विबेककडे, एक खाण काढायची होती. पोलादात चिमूटभर टाकला की पोलाद कणखर होतं असा एक धातू तिथे आहे. जमीन मोहॉक लोकांची. मोहॉक म्हणजे तिथले मूळचे, गोरे बोटीतून उतरायच्या कितीतरी आधीपासूनचे. कागदावर ती जमीन या नावावरून त्या नावावर फिरत गेली, पण ते म्हणतात, आम्ही ती कधी कोणाला दिलीच नाही, आणि आम्हाला खाण नको. विहिरी नासतील, धूळ शेतांवर बसेल. आमच्या ऑफिसात या सगळ्याला ‘स्टेकहोल्डर इश्यू’ म्हणायचे. टाइप मीच करायची, आणि टाइप करताना मला काही म्हणजे काही वाटायचं नाही.

वार्षिक सभा दरवर्षी लंडनला असते. यंदा निदर्शनं होतील म्हणून ती गुपचूप इथे, राउंडअबाउटशेजारच्या एका हॉटेलात ठेवली. “बेसिंगस्टोकला कोण मरायला येतंय!” असं चेअरमन हसत म्हणाले होते. पण वेणी देणारी ती मोहॉक बाई आली. लंडनच्या वॉटर्लूहून ट्रेननं, स्टेशनपासून पायी, दोनदा रस्ता चुकून. इथल्या तिच्या कोणा हितचिंतकांनी तिच्या नावावर एकच शेअर घेऊन ठेवला होता, त्यामुळे तिला अडवता येत नव्हतं. दारातल्या टेबलाशी नावं तपासायला मी होते. साठीची बाई, निळं फ्लीसचं जाकीट, पांढरे ट्रेनर्स, पाठीवर करड्या केसांची वेणी. मी सुटात, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. “पाय सुजलेत गं, बसू का इथे?” असं म्हणून ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलीसुद्धा. चहा आणून दिला तर तिनं विचारलं, “तू कुठली?”

“इंडिया.”

“ते कळलं. तुझी जागा कुठली? गाव?”

बाबा, अकरा वर्षं झाली मला या देशात. इंडिया म्हटलं की इथल्या माणसांचं समाधान होतं. पुढे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “गाव आता नाहीये.” ती म्हणाली, “का?” मी म्हटलं, “कोळसा.” तिनं कप खाली ठेवला. मग ती आपल्या वडिलांची गोष्ट सांगू लागली. ती लहान असताना तिकडे कसल्याशा दुसऱ्याच कामासाठी सर्व्हेवाले येऊन जमिनीत लाकडी खुंट्या ठोकून जायचे. वडील संध्याकाळी जाऊन त्या उपटून आणायचे आणि चुलीत घालायचे. “आमच्याकडे वर्षभर चहा सरकारच्या लाकडावर झाला,” म्हणाली आणि अशी खळखळून हसली की लॉबीतली माणसं वळून बघायला लागली.

मला हसायला हवं होतं. मी जळले. शब्द दुसरा नाही, बाबा, जळलेच. हातातलं पेन मी खाली ठेवलं. हिला असा बाप का? ही फ्लीस घालून सुजलेल्या पायांनी येते आणि हिच्याकडे सांगायला खुंट्यांची गोष्ट असते. माझ्याकडे काय, तर उत्तम अक्षर. वर म्हणाली, आमच्यात जमीन बायकांच्या हाती असते, आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे. माझं नाव तर कुठल्या सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही. आणि मग तिनं अगदी सहज विचारलं, “तुझे वडील? त्यांनी नाही म्हटलं होतं?”

“हो,” मी म्हटलं. “माझ्या वडिलांनी सही केली नाही. अख्ख्या गावात त्यांनी एकट्यांनी.”

खोटं बोलायचंच होतं तर निदान बेतानं बोलावं! एकट्यांनी म्हणायची काय गरज होती? पण तोंडातून गेलं ते गेलं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, तुमचं नाव विचारलं, आणि ते जमेपर्यंत दोन-तीनदा म्हणून पाहिलं. कितीतरी वर्षांनी तुमचं नाव कोणीतरी मोठ्यानं घेत होतं. मी नुसती मान हलवत होते.

सभेला अजून अवकाश होता तेव्हा ती बाहेर गेली. काचेतून मला दिसत होतं. कारपार्कच्या कडेला बर्चचं एक किडमिडं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी वाकून तिनं खिशातून चिमूटभर तंबाखू काढली. लगेच हॉटेलचा माणूस धावला. यंदाच इथे पबात-हॉटेलात सिगरेट ओढायला बंदी आलीय, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात नवा उत्साह. मी मागोमाग गेले, म्हटलं तमाशा नको. तो म्हणत होता, “मॅडम, स्मोकिंग दारापासून लांब.” ती म्हणाली, “ओढत नाहीये मी. देतेय.”

“कोणाला?”

“तुझ्या जागेला. पाहुणी आहे ना मी.”

तो बिचारा आत निघून गेला. आणि माझं, झालं, जळणं पुन्हा सुरू. ती इथे येऊन तास झाला नाही तर या मातीला काहीतरी देऊन मोकळी. मी अकरा वर्षांत काय दिलं? कौन्सिल टॅक्स.

सभेत चेअरमननी तिला दोन मिनिटं दिली. ती उभी राहिली आणि आधी आपल्या भाषेत बोलली, मग तेच इंग्लिशमध्ये, थोडं थोडं करत. आधी जमलेल्या माणसांचे आभार. मग जमिनीचे. मग पाण्याचे, पाण्यातल्या माशांचे, औषधी झाडपाल्याचे, रानातल्या स्ट्रॉबेरीचे, हरणांचे, मेपलच्या झाडांचे, पाखरांचे, वाऱ्यांचे. प्रत्येकानंतर ती थांबायची आणि म्हणायची की आता आपली सगळ्यांची मनं यावर एक झाली. समोर तीसेक म्हातारे शेअरहोल्डर बिस्किटं हातात धरून बसलेले. मी सगळं उतरवून घेत होते, हाताला सवय आहे. चेअरमननी घड्याळ पाहिलं. “थँक यू. तुमचा प्रश्न काय आहे?” ती मेघगर्जनेच्या आभारापर्यंत आली होती. त्यांनी पुन्हा म्हटलं, “मॅडम, प्रश्न नसेल तर पुढे जाऊ या.” तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “आम्ही काहीही बोलायच्या आधी हे बोलतो. भांडण त्याच्यानंतर. तुमची दोन मिनिटं याला पुरली नाहीत, यावरून बघा त्या जागेत किती काय आहे.” आणि बसली.

प्रश्न काय आहे. बाबा, मी ते लिहीत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता. खाणीला जमिनी द्यायची ती ग्रामसभा तुम्हाला आठवतेय ना? ग्रामसेवकाचं अक्षर कोणाला लागत नाही म्हणून प्रोसिडिंग लिहायला गुरुजींना, म्हणजे तुम्हाला, बसवलं होतं. शाळेचं पटांगण, वर्गातलं तुमचंच टेबल बाहेर काढलेलं, बाजूला खाणीचा साहेब. मी अकरा वर्षांची. शाईचा पॅड मी धरला होता. तुम्हीच दिला होतात धरायला, आणि मला कोण अभिमान! माणसं एकेक करून येत होती आणि ज्यांचा हात थरथरायचा त्यांचा अंगठा मी धरून टेकवत होते. मग गावाच्या टोकाची गोंडाची आजी आली. तिनं अंगठा पुढे केला नाही. टेबलासमोर मातीत बसली आणि सुरू झाली. “डोहाले इचारलं का, गुरुजी? शिवेवरच्या मोहाले इचारलं? तेंदूले? नाल्याकाठच्या वारुळाले?” अख्खी शीव फिरून आली ती बसल्या बसल्या. एकेका बांधाचं, एकेका दगडाचं नाव घेत होती, कितीतरी मी कधी ऐकलेलीही नव्हती. आणि तुम्ही म्हणालात, “आजी, हरकत आहे का? असेल तर तसं म्हणा. नुसती नावं घेऊ नका, माणसं खोळंबलीत.” ती म्हणाली, “नावं तं घेऊ द्या, गुरुजी. मंग लिवा काय लिवाचं ते.”

तुम्ही लिहिलंत. मी तुमच्या कोपराशी उभी होते, मी वाचलं. सर्वानुमते मंजूर, कोणाचीही हरकत नाही. किती सुंदर अक्षर होतं ते, शिरोरेषा पट्टी लावल्यासारखी. आजी उठली, हाताला शाई लागली नव्हती तरी लुगड्याला हात पुसले आणि गेली.

घरी आल्यावर मी मोरीशी बसून नखांतली निळी शाई काढत होते. आई चुलीशी भाकरी थापत होती. मी विचारलं, “बाबा, आजी तर नको म्हणत होती ना?” तुम्ही एरवी माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत, त्या दिवशी चढवलात. “ती बोलली. हरकत घेतली नाही. बोलणं वेगळं आणि हरकत वेगळी. समजत नसेल तर मध्ये तोंड घालू नकोस.” आई थापायची थांबली होती, मग पुन्हा थापू लागली. दुसऱ्या दिवशी साहेबानं अक्षरावर खूश होऊन दिलेलं फाउंटन पेन तुम्ही मला देऊन टाकलंत. ते मी नागपूरच्या हॉस्टेलमध्ये हरवलं. खरं म्हणजे हरवू दिलं.

सभा संपल्यावर ती पुन्हा माझ्या टेबलाशी आली आणि बॅगेतून ही वेणी काढली. गवत तिच्याकडच्या ओढ्याकाठचं, तिनंच कापून, वाळवून घातलेली. “एक बरोबर आणली होती,” म्हणाली. “नाही म्हणणारं कोणी भेटलं तर द्यायला. इंग्लंडात कोण भेटणार म्हणा! पण भेटलं. तुझ्या वडिलांना दे.” मी म्हटलं ते आता नाहीत. ती म्हणाली, “म्हणून काय झालं?” तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. आणि थँक यू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी मिनिट्स टाइप केले. माझ्या नोट्समध्ये सगळं होतं, अगदी स्ट्रॉबेरीसकट. मी सगळं टाइप केलं, दीड पान झालं. मग वाचून पाहिलं तर ते फार घोळदार वाटलं. एकदम बेशिस्त. अजेंड्याच्या कुठल्याच कलमात बसेना. मी ते सिलेक्ट केलं, डिलीट केलं आणि लिहिलं की एका शेअरहोल्डरने निवेदन केले, प्रश्न विचारला नाही. मिनिट्स मंजूर झाले की नोट्स श्रेडरमध्ये घालायचा नियम आहे. त्याही घातल्या.

मला कोणी सांगितलं नव्हतं, बाबा. चेअरमन त्या दिवशी गोल्फ खेळायला गेले होते. त्यांनी नंतर नेहमीसारखी न वाचता सही केली. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते की तुमच्यावर दबाव असणार, साहेबानं डोळे वटारले असणार. श्रेडरपाशी उभी असताना लख्ख आठवलं. साहेबाला मराठी येतच नव्हतं. तो बिचारा टोपीनं वारा घेत बसला होता. तुम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. पान नीटनेटकं दिसावं, एवढंच आपल्या दोघांना हवं होतं.

दीडेक महिन्यानं बोर्डानं तो प्रकल्प तूर्त बाजूला ठेवला. तिच्या दोन मिनिटांमुळे नाही. तिकडे तिची माणसं सर्व्हेच्या गाडीपुढे रस्त्यात शेकोट्या पेटवून बसली आणि उठलीच नाहीत. नोटीस मी टाइप केली. आनंद व्हायचा सोडून मी टाइप करता करता मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. तुझं राहिलं ना? तुझी नात विचारेल कुठे, तर तू बोट दाखवशील, तो ओढा, ते झाड. मला माझ्या गावाचा साधा नकाशा काढता येत नाही. डोह उत्तरेला होता की पूर्वेला? आईला विचारावं तर आई नाही. तिथे आता खड्डा आहे आणि त्याच्या बाजूला खड्ड्यातून काढलेल्या मातीचा डोंगर. सगळी नावं त्या आजीला येत होती. ती एकेक करून सांगत होती, तुमच्यासमोर बसून, तुमच्या हातात पेन असताना. नुसती उतरवून घेतली असतीत, हरकत म्हणून नको, नुसती म्हणून, तर तुमच्या त्या अक्षरात गाव आज माझ्याकडे असतं. मी तुमच्यावर इतकी चिडले की ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले. आणि मग आठवलं की मीही डिलीटच केलंय. मग तर चिडायचीही सोय राहिली नाही.

हे इथेच थांबलं असतं. पण लेकीनं ड्रॉवर उघडला. चौदा वर्षांची झालीय, सगळीकडे हात घालते. “आई, हा वेणी कोणाचा आहे?” मी म्हटलं, “आजोबांची.” आणि मग सगळी गोष्ट तिला सांगितली, लॉबीत सांगितली तीच. तिचे डोळे हे एवढे मोठे झाले. “म्हणजे आजोबाने नाही म्हटला? एकटाच? दॅट्स सो कूल!” माझ्या नोकरीबद्दल तिला कधी कूल वाटलं नाही. तिनं ती गोष्ट शाळेत असेंब्लीत सांगितली, आता भिंतीवर तिनं काढलेलं चित्र लावलंय. तुम्हाला पागोटं घातलंय, बाबा. हात वर केलेला, मिशी राजासारखी, मागे डोंगर. तुम्ही आयुष्यात कधी पागोटं घातलं नाहीत आणि आपल्याकडे डोंगरही नव्हता. मी पेरेंट्स ईव्हनिंगला त्या चित्रापुढे उभी होते आणि मला चक्क तुमचा हेवा वाटला. अहो, केलं काहीच नाहीत! आणि वेणी तुम्हाला, चित्र तुमचं, पोरीचे डोळे चमकतात तेही तुमच्यासाठी. तिनं मला विचारलं, “आणि तू काय करत होती तेव्हा?” मी म्हटलं, “मी लहान होते.” पॅडचं काही बोलले नाही.

बाहेर गाडीचा आवाज आला, हे आले वाटतं. हा कागद मी घडी करून वेणीखाली ठेवणार, ड्रॉवरच्या तळाशी. लेकीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तशी भीती नाही. तिला खरं सांगायला हवं, मला कळतंय. सकाळपासून मी हेच ठरवत होते की पत्राच्या शेवटी तुमची माफी मागायची, तुमची लाज झाकायला म्हणून खोटं बोलले असं लिहायचं. पण ते खरं नाही. तुमचा विचार माझ्या मनातसुद्धा नव्हता. नाही म्हणणाऱ्याची मुलगी व्हायचं होतं मला, चहा निवेपर्यंत का होईना. झाले. आणि इतकं बरं वाटलं, बाबा, की उद्या कोणी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन.